बर्फाखालची केझाया

सेजफर्ड, नॉरफोक
१९ जानेवारी १९६३

प्रिय विल्फ,

नाताळच्या कार्डाशिवाय मी तुला कधी लिहीत नाही, आणि तू तर कार्डही पाठवत नाहीस. त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर बघून बाबा गेले असं तुझ्या मनात आलं असेल. गेलेले नाहीत. आज सकाळीच चहा पाणचट झाला म्हणून त्यांनी मला चार शब्द सुनावले, ते पार चॅपेलपर्यंत ऐकू गेले असतील.

काम आहे म्हणून लिहितेय. गोदी विकायची आहे. यारमथकडची एक मोठी कंपनी आपल्या भाड्याच्या सगळ्या होड्या, दोन्ही शेड आणि धक्का घ्यायला तयार आहे. ते लोक आता लाकडाला हातच लावत नाहीत. साच्यात फायबरग्लास थापतात आणि भांड्यातून जेली उपडी करावी तशी अख्खी होडी बाहेर काढतात. सुट्टीवाल्यांनाही तेच आवडतं. गेल्या उन्हाळ्यात लेस्टरची एक बाई मला विचारत होती, "तुमच्या होड्यांना लाकडाचा वास का येतो हो?" मी काय सांगणार?

आजोबांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलंय त्याप्रमाणे तुझ्या सहीशिवाय विक्री होत नाही. कागद सोबत जोडलाय. बाबांना विक्रीचं ठाऊक आहे, या पत्राचं नाही. "तू चालवतेस, तूच ठरव," एवढंच म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

इथे जीवघेणी थंडी पडलीय. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागला तो अजून हटत नाही. नदी गोठली, धक्क्यापाशी होड्या बर्फात रुतून बसल्या आहेत. जॉस रोज सकाळी कुऱ्हाड घेऊन त्यांच्या कडेकडेने बर्फ फोडतो, नाहीतर फळ्या दबून चिरतील. तो अजून आपल्याकडेच आहे. म्हातारा झालाय, पण हात तसाच चालतो.

सही करून लवकर पाठव.

थर्झा


२७ जानेवारी

प्रिय विल्फ,

आधीच्या पत्राचं उत्तर यायच्या आत दुसरं लिहितेय. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना, आणि सांगावं असं माणूस जगात एकच आहे.

आज प्रार्थनेनंतर मी ब्रॉडवर चालत गेले. चालत, विल्फ! अख्खं तळं या काठापासून त्या काठापर्यंत गोठलंय. डॉक्टरांनी परवा त्यावरून मोटार नेली. सारं गाव स्केटिंग करतंय, चॅपेलचे पाद्रीसुद्धा. मी त्या गर्दीतून बाहेर पडले आणि पलीकडच्या बोरूच्या बनाकडे निघाले. जन्मभर ज्या पाण्यावर होडी हाकली त्या पाण्यावर बुटांनी चालायचं, हे पायांना पटतच नव्हतं. मधेच बर्फ आवाज करतो. कडाड् नाही, खोल, घुमणारा. या टोकाला सुरू होतो आणि आपल्या पायाखालून धावत त्या टोकाला जातो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जागच्या जागी गुडघ्यांवर बसले. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. चॅपेलमध्ये सकाळी तासभर बसून जे मनात आलं नाही ते तिथे आलं.

पलीकडे, आपला तो 'धोका, उथळ पाणी' असा खांब आहे ना, तिथे वाऱ्याने वरचा भुगा झाडून नेला होता आणि खाली बर्फ काळ्या काचेसारखा स्वच्छ होता. तो खांब बाबांनी लढाईत रोवला आणि दर वसंतात मी तो रंगवते. सुट्टीवाल्यांना होडी ताब्यात देताना पहिली ताकीद तीच असते: खांबाच्या जवळ जायचं नाही. मी हातमोजा काढून बर्फ पुसला, तोंड जवळ नेलं. आधी शेवाळ दिसलं, मग एक मोठा मासा, हलत नव्हता. आणि त्याच्या मागे पांढरं काहीतरी.

विल्फ, तो नाळेवरचा, होडीच्या पुढच्या टोकावरचा पांढरा पट्टा होता. अंधारात समोरच्याला दिसावा म्हणून आजोबा द्यायचे तो. पुसट झालाय, पण आहे.

मी पोटावर सरपटत तिच्या लांबीभर गेले. कठडा, डोलकाठीची बैठक, मालाच्या खणाचं चौकोनी तोंड, मागची खोली. सगळं जागच्या जागी. केझाया, आजीच्या नावाची आपली मालाची होडी, उथळ पाण्याखाली, गाळात जेमतेम बसलेली, कुणीतरी झोपवून ठेवावी तशी सरळ पडलीय. आजीचं नाव मी मोठ्याने घेतलं. उत्तर येईल असं वाटलं म्हणून नव्हे, उगाच.

आपण दोघं लहानपणी आजोबांकडून कितीदा ऐकलंय. आगगाडी आली, कोळसा आणि वीट मचव्यांतून जाईना, केझाया रिकामी पडली. मग त्या उन्हाळ्यात लंडनचे शिक्षक दारात उभे राहिले, आम्हाला आठवडाभर नदीवर फिरवाल का म्हणून. आजीने कोळशाचा खण सोड्याने घासला, भिंतींना चादरी लावल्या आणि त्या लोकांनी आत चक्क हार्मोनियम आणून ठेवलं. गेज घराण्याची सगळी भाड्याची गोदी त्या एका आठवड्यातून निघाली. आणि ती सुरुवात तिथे बर्फाखाली पडलीय. तिच्याच डोक्यावरचा खांब मी रंगवत राहिले.

अजून बाबांना सांगितलेलं नाही.

थर्झा


३ फेब्रुवारी

प्रिय विल्फ,

आज सांगितलं.

जेवताना सांगितलं, म्हणजे उठून जाता येऊ नये. "बाबा, केझाया सापडली."

त्यांनी डंपलिंग कापलं, रस्सा लावला, खाल्लं. म्हणाले, "सापडली म्हणजे? हरवली कुठे होती? मला ठाऊक होतं की."

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

मला राग आला, विल्फ. तू नौदलातून परत आलास तो दिवस मला आठवला. तू शेडमध्ये उभा होतास, पाठीवरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हतीस. "केझाया कुठाय?" "बुडवली." "कुणी?" "मी." त्यापुढे तुम्ही दोघं बोललाच नाहीत. तू एवढंच ओरडलास, "तुम्ही मारलंत तिला," आणि आठवडा संपायच्या आत कॅनडाच्या बोटीत बसलास. ते सगळं मी त्यांना बोलून दाखवलं. म्हटलं, "पोरगं गेलं तुमचं त्यापायी. आणि तुम्ही म्हणता विचारलं कुणी?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग उठून कोट घातला आणि म्हणाले, "चल शेडमध्ये. जॉसलाही हाक मार."

मोठ्या शेडमध्ये त्यांनी काठीने वर दाखवलं. "ते काय आहे?"

"आढं," मी म्हणाले.

"आढं म्हणे! जॉस, तू तरी सांग."

जॉसने मान वर केली आणि टोपी काढली. "मालक... ही डोलकाठी आहे."

विल्फ, शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छपराखाली जो लांबलचक खांब आहे, गोणपाटात गुंडाळलेला, ज्यावर आम्ही दोर टांगतो, ती केझायाची डोलकाठी आहे. तुम्ही दोघं भांडलात तेव्हा तिच्याखालीच उभे होतात.

मग ते बोलले. त्यांना इतकं सलग बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. चाळीस साली लष्कराचा माणूस आला. जर्मनांची समुद्री विमानं ब्रॉडवर उतरू नयेत म्हणून होड्या पाण्यात आडव्या लावून ठेवायचा हुकूम होता. सगळ्या गोद्यांनी आपापल्या होड्या दिल्या. त्या तारांनी बांधून ऊनपावसात तशाच सोडल्या, आणि लढाई संपेपर्यंत निम्म्यांचा भुगा झाला.

"हे होणार ते मला त्याच दिवशी दिसत होतं," बाबा म्हणाले. "ओक पाण्याखाली शंभर वर्षं राहतो. वर ठेवला, कोरडा झाला, भिजला, परत कोरडा झाला, की मेला. मी साहेबाला म्हटलं, ही बुडवतो, हाही अडथळाच. तो खूश. डोलकाठी काढून ठेवली. मागच्या खोलीचं दार फटीत डांबर भरून बंद केलं. तळाची दोन बुचं होती, ती काढली आणि तिला हळूहळू खाली जाऊ दिलं. भोक पाडलं नाही मी. भोक कशाला पाडीन? मी वेडा आहे?"

"मग लढाई संपल्यावर वर का नाही काढलीत?"

ते काठीने लाकडाचा भुसा उकरत राहिले. "तो येऊन काढेल म्हटलं. दोघांचं काम आहे ते. आल्या आल्या 'मारलंत' म्हणाला. बरं, म्हटलं. ज्याला बाप असला वाटतो त्याला काय समजवायचं?"

जॉस म्हणाला, "मालक, तुम्ही दोघंही खेचरं आहात."

बाबांनी ऐकून घेतलं. हे तू लक्षात घे, विल्फ. त्यांनी ऐकून घेतलं.

थर्झा


११ फेब्रुवारी

प्रिय विल्फ,

हात फुटलेत, पेन नीट धरता येत नाही, अक्षर लावून घे. केझाया वर आली.

सगळं बाबांच्या डोक्यातलं. जॉस म्हणत होता वसंतात काढू, तराफा बांधू. बाबा म्हणाले, "देवाने एवढा मोठा तराफा फुकट अंथरलाय, आणि तू लाकडं शोध." खरंच होतं. उन्हाळ्यात जिथे उभं राहायला जागा नाही तिथे आता अख्खं गाव उभं राहू शकत होतं.

आम्ही तिच्यावरचा बर्फ मोठ्या करवतींनी कापला, लाद्या ओढून बाजूला केल्या. खणाच्या तोंडाभोवती उभ्या फळ्यांची चौकट बांधली, पाण्याच्या वर येईल एवढी उंच. फटींत गोणपाट आणि चिकणमाती कोंबली. आता आतलं पाणी उपसलं की ती उचलली जाणार. पण आधी तळातली ती दोन भोकं बुजवायला हवीत, आणि ती तर खणातल्या काळ्या पाण्याच्या तळाशी.

जॉस म्हणाला, "मी उतरतो."

"उतर, आणि मग तुझ्यासाठीही खणायला लागेल," बाबा म्हणाले. त्यांनी लांब काठी मागवली, टोकाला ओकचं नवं बूच बसवलं, ते चरबीत बुडवलेल्या कापडाने गुंडाळलं आणि फळ्या टाकून त्यावर पोटावर आडवे झाले. मी त्यांचे पाय धरले. हसू येत होतं. डोळे मिटून ते काठी तळावर फिरवायला लागले. सारं गाव भोवती उभं. लोकांच्या तोंडातून फक्त वाफ निघत होती.

"ही फासळी," ते पुटपुटले. "ही दुसरी. इथे माझ्या बाबांनी गाठीचं लाकूड वापरलं होतं, मी तेव्हाच सांगितलं होतं... हां." काठी थांबली. "थर्झा, हातोडा."

लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज पाण्याखालून आला, बारीक. मग दुसरं भोक. त्याला वेळ लागला, काठी दोनदा निसटली, बाबांनी चॅपेलवाल्यांसमोर म्हणू नये ते म्हटलं, पाद्रींनी दुसरीकडे बघितलं. पण तेही बसलं.

मग पंप. अग्निशामकवाल्यांचा एक, पाणचक्कीवाल्याचा एक, आणि उरलेल्यांच्या हातात बादल्या. पाणी उपसत राहिलो. खणातलं पाणी उतरायला लागलं, तशी तिच्या आतली लाकडं एकेक करून हवेत आली. काळी, गुळगुळीत, ओली. जॉसने त्यात चाकूचं टोक खुपसायचा प्रयत्न केला, ते आत जाईना. तो आमच्याकडे वळून नुसता मान हलवत राहिला.

आणि तरी ती हलेना. पाणी निम्म्यावर आलं, हलली नाही. त्याहून खाली आलं, तरी नाही. गाळाने धरून ठेवलेलं. लोक थकले. कुणीतरी म्हणालं, नाही व्हायचं हे. बाबा तेवढ्यात चौकटीवरून तिच्या डेकवरच्या गुडघाभर पाण्यात उतरले, एवढ्या वयात, आणि पुढे जाऊन नाळेपाशी उभे राहिले. काही केलं नाही. नुसते उभे.

आधी आवाज आला. चिखलातून गायीने पाय उपसावा तसा, पण शंभर गायींनी एकदम. मग केझाया थरथरली आणि वर आली. उडी मारून नाही, दमाने, झोपलेलं माणूस उठून बसतं तशी. तिच्या अंगावरून पाणी ओघळत होतं, आणि तो पांढरा पट्टा उजेडात आला. भोवतीचा बर्फ फाटला. भेगा आमच्या पायांखालून निघाल्या, बायका किंचाळल्या, सगळे काठाकडे पळत सुटले. जॉस कमरेपर्यंत आत गेला, पंपवाल्यांनी त्याला कॉलर धरून ओढला. मी पळता पळता मागे वळून ओरडले, "बाबा! इकडे या! इकडे या!"

ते तिथूनच ओरडले, "इकडे कुठे? मी होडीत आहे, बाई! पाण्यावर तुम्ही आहात!"

विल्फ, मी थांबले. पायाखाली बर्फ कुरकुरत होता तरी थांबले. पांढऱ्या ब्रॉडच्या मधोमध काळ्या पाण्याचा एक चौक, त्यात लढाईपासून बुडलेली आपली आजी तरंगतेय, आणि तिच्या टोकावर तो हट्टी म्हातारा, टोपी हातात घेतलेला. याहून मोठं काही मी पाहिलेलं नाही, आणि पाहायचं राहिलं असंही आता वाटत नाही.

जॉस बरा आहे. चुलीपुढे बसून ब्रँडी मागतोय. "मालक, ओकाचं सांगितलंत, माणूस बर्फात किती टिकतो तेही सांगायचंत."

थर्झा


२ मार्च

प्रिय विल्फ,

तुझी सही असलेला कागद मिळाला. सोबत एक ओळही नाही. पोस्टाचा शिक्का बघितला, तू तो केझायाचं पत्र मिळायच्या आधी टाकलास. म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. थोडंसं घेतलं.

कागद कपाटात ठेवलाय, पुढे पाठवलेला नाही. खरं सांगू? पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला विकायचीच होती. थकले होते. प्रत्येक शनिवारी अनोळखी माणसांना होडी कशी वळवायची ते शिकवा, रविवारी ती बोरूत घुसली की ओढून आणा, आणि घरी आल्यावर बाबांच्या गप्प बसण्याशी बोला. आता तसं वाटत नाही. केझायाच्या डेकवरचा गाळ धुताना परवा मी गात होते. जॉसने पकडलं.

एक गोष्ट आत्ताच सांगते, नंतर गैरसमज नको. तू येवोस वा न येवोस, ही गोदी मी चालवते. माझं मन इथे आहे. मी तुझ्यासाठी जागा धरून बसलेली नाही. पण शिडाचा दोर ओढायला माणूस लागतं, ते वेगळं.

थंडी सुटतेय. काल छपरावरून पाणी टपकलं.

थर्झा


२६ मे
(हे पत्र लिव्हरपूलच्या बोट-कचेरीत ठेवायला सांगितलंय. उतरलास की मिळेल.)

प्रिय विल्फ,

तुझी तार मी बाबांना वाचून दाखवली. 'कागद फाडा. माझ्याशिवाय शीड चढवू नका.' ते शेडमध्ये डांबर ढवळत होते. म्हणाले, "परत वाच." परत वाचली. म्हणाले, "तारेत एवढे शब्द? पोराला पैशाची किंमत नाही." आणि इतका वेळ ढवळत राहिले की डांबर आटलं.

यारमथवाल्यांना मी नाही म्हणून कळवलं. कागद बाबांनीच चुलीत टाकला.

केझाया धक्क्याला उभी आहे. तळाच्या चारच फळ्या बदलाव्या लागल्या. डोलकाठी शेडमधून निघाली तेव्हा तिच्यावर आम्ही टांगलेल्या दोरांच्या खुणा होत्या, जॉसने घासून त्या काढल्या. लेस्टरच्या त्या बाईला मी कळवलं, लाकडाचा वास येणारी एक मोठी होडी आलीय, बघायला या. चार मैत्रिणींना घेऊन येतेय म्हणाली.

शीड शिवून झालंय, काळं, जुन्या पद्धतीचं, परबाणाला, म्हणजे वरच्या आडव्या काठीला, बांधून तयार. गेले काही दिवस बाबा सकाळी उठले की चहाच्या आधी धक्क्यावर जातात, बोट ओलं करून हवेत धरतात, शिडावर हात ठेवून परत येतात. जॉस रोज विचारतो, "मालक, आज?" ते म्हणतात, "आज नाही." काय कारण सांगतात? वारा कमी आहे. वारा जास्त आहे. वारा फिरेल.

तुला ठाऊक आहे ना, त्यांनी कधी वारा वाया घालवलेला नाही. आई वारली त्या आठवड्यातही चांगला वारा सुटल्यावर ते घरात बसू शकले नाहीत, आणि त्यासाठी तुला त्यांचा किती राग आला होता.

आज सकाळी नैर्ऋत्येचा वारा होता. सरळ, भरलेला, बोरू एका अंगाला झुकलेले, ब्रॉडवर सगळीकडे बारीक चमक. असा दिवस वर्षात क्वचितच मिळतो. बाबा धक्क्यावर गेले, केझायापाशी बराच वेळ उभे राहिले. मग घरात आले, कोट काढून खुंटीला लावला आणि चहा मागितला.

वारा दिवसभर वाहत होता. त्यांनी तो जाऊ दिला.

थर्झा